शिकणाऱ्याची चूक

म्हसवडच्या माळावरच्या संपर्क केंद्रात त्या सकाळी ‘कासवा’चे कान कायमचे बंद करायचे ठरले होते.

कासव म्हणजे गुरूच्या युरोपा या चंद्रावर, बर्फाच्या जाड थराखालच्या समुद्रात पोहणारं एक लहानसं यंत्र. बर्फाला भोक पाडून बसवलेला तळ त्याला वरून आज्ञा देई. पाण्यात रेडिओलहरी फार दूर पोचत नाहीत, म्हणून आज्ञा शिट्ट्यांच्या रूपात जात. प्रत्येक शब्दाची शिट्टी वेगळी. या शब्दांची मिळून जी छोटी संगणकभाषा तयार झाली होती, तिचं नाव ‘साद’.

“कासवाला भलत्याच आज्ञा ऐकू येताहेत,” मोहीमप्रमुख डॉ. अनघा खर्शीकर म्हणाल्या. “आपण न पाठवलेल्या, आणि त्याही चुकीच्या. चुकीच्या असतात म्हणून ते पाळत नाही, एवढंच नशीब. उद्या एखादी बरोबर निघाली आणि ते बर्फावर जाऊन आदळलं तर मोहीम संपली. त्यापेक्षा कान बंद करू आणि त्याला ठरल्या मार्गाने पोहू देऊ.”

“एकदा बंद केले की परत उघडता येणार नाहीत,” प्रा. इस्माईल मुजावर म्हणाले. साद भाषा त्यांनीच बांधली होती. “पण दुसरा उपाय मलाही सुचत नाही.”

त्यांच्या मागे तृप्ती घुटुकडे उभी होती. साताऱ्याच्या कॉलेजात ती संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होती. मोठे प्रोग्राम आता यंत्रंच लिहीत. पण आज्ञेमागे आज्ञा ठेवून विचार कसा बांधायचा हे कळावं, म्हणून पहिल्या वर्षी एक भाषा हाताने शिकावीच लागे. मुजावर सर तिथे साद शिकवत आणि नवशिक्यांच्या चुकांचा अभ्यास करत. तृप्तीला साद फार जड जात होती. तिच्या चुका सरांना इतक्या कामाच्या वाटल्या की सुट्टीत त्यांनी तिला केंद्रावरच बोलावून घेतलं होतं.

डॉ. खर्शीकरांनी कासवाला ऐकू आलेल्या आज्ञा पडद्यावर आणल्या. ‘जवळ ये पुरे’. ‘थांब पुरे’. पुन्हा ‘जवळ ये पुरे’.

तृप्तीला शरमल्यासारखं झालं. “सर, माझा गृहपाठ इथे कशाला लावलात?”

“हा तुझा गृहपाठ नाही. हे कासवाने ऐकलंय.”

“पण मी अशीच चुकते ना.”

ते खरं होतं. सादमध्ये लांबणारं काम ‘पुरे’ म्हणून संपवावं लागतं: ‘पोहत राहा’, आणि मग कधीतरी ‘पुरे’. ‘जवळ ये’, ‘थांब’, ‘वळ’ अशा आज्ञा मात्र आपोआप संपतात. त्यांना ‘पुरे’ लावलं की यंत्र आज्ञा नाकारतं. तृप्ती ते सगळीकडे लावायची.

मुजावर खुर्चीत बसले. मग परत उठून पडद्याजवळ गेले.

“अनघाताई, तुमचा नातू ‘मी करलं’ म्हणतो ना?”

“म्हणतो. त्याचं काय?”

“त्याला हे कुणी शिकवलं? घरात तर सगळे ‘केलं’ म्हणतात. त्याने ‘धरलं’, ‘भरलं’ ऐकलं, त्यातून नियम स्वतःच काढला आणि तो चालत नाही तिथेही लावला. बिघाडातून झालेल्या चुकीला नियम नसतो. कान बिघडले असते तर ‘पुरे’ कुठेही घुसलं असतं, सुरुवातीला, मध्ये, कसंही. हे दर वेळी शेवटीच आहे. ही शिकणाऱ्याची चूक आहे.”

“आपल्याच आज्ञांचा प्रतिध्वनी असेल.”

“आपली प्रत्येक आज्ञा तपासणी-यंत्रातून जाते. चुकीची असेल तर ते सोडतच नाही. ‘जवळ ये पुरे’ हे त्या समुद्रात आपण एकदाही म्हटलेलं नाही. न म्हटलेल्याचा प्रतिध्वनी येणार कुठून?”

“मग कासवच शिकत असेल?”

“त्याला शिकण्याएवढी बुद्धी आपण दिलेलीच नाही.”

डॉ. खर्शीकरांनी आवाजाची दिशा काढली. आवाज वरच्या तळाकडून आलेला नव्हता. तो खालून, कासवाला कधीच गाठता न आलेल्या खोल पाण्यातून आला होता. त्यांनी कान बंद करण्याची आज्ञा रद्द केली.

“त्याला शिकवू या,” तृप्ती म्हणाली. “‘पुरे’ नको, एवढं सांगू या. मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.”

“मी सांगितलं होतं,” मुजावर म्हणाले.

मग तळाला आज्ञा गेली: ‘जवळ ये’ ही शिट्टी स्पष्ट, सावकाश, पुन्हा पुन्हा वाजव. संदेश पोचायला पाऊण तास लागणार होता, उत्तर यायला आणखी पाऊण तास. तोवर कुणालाच धीर धरवेना. चहा आला आणि तसाच निवला.

पण पाऊण तास व्हायच्या आतच कासवाचं नवं ध्वनिमुद्रण येऊन थडकलं. त्यांचा धडा अजून युरोपाला पोचलाही नव्हता. तिघं कान देऊन ऐकू लागली.

एक बारीक आवाज: ‘जवळ ये पुरे.’

लगेच एक जाड, संथ आवाज: ‘जवळ ये.’

जरा शांतता. मग तोच बारीक आवाज, चाचरत: ‘जवळ ये.’

डॉ. खर्शीकरांनी ते पुन्हा लावलं. “चूक दुरुस्त झाली. पण आपण तर अजून काहीच शिकवलेलं नाही.”

“सर,” तृप्ती म्हणाली, “तिथे वर्ग चाललाय. चुकणारा एक आहे आणि शिकवणारा दुसराच आहे.”

मुजावर एकदम हसू लागले. “म्हणजे मोठी माणसं, माणसंच म्हणतो, केव्हाच शिकलीत. आपल्या आज्ञा ऐकून ऐकून. आणि आता पोराबाळांना शिकवताहेत.”

“मग ती आपल्याशी बोलली का नाहीत?” डॉ. खर्शीकरांनी विचारलं.

तृप्ती पडद्याकडे बघत राहिली.

“आपण कधीच चुकत नाही म्हणून,” ती म्हणाली. “सर, बिघाडाच्या चुकीला नियम नसतो, नियमाने चुकतो तो शिकणारा, असं म्हणालात. आपल्याकडून तर चूकच जात नाही. त्यांच्या लेखी वर फक्त एक शिट्टी वाजवणारं यंत्र आहे. त्याच्याशी कोण कशाला बोलेल?”

डॉ. खर्शीकरांनी तिच्याकडे पाहिलं, मग तपासणी-यंत्र बंद केलं. मोहीम सुरू झाल्यापासून ते पहिल्यांदाच बंद होत होतं.

“तू लिही,” त्या म्हणाल्या. “तुला सवय आहे.”

तृप्तीने लिहिलं: ‘वळ पुरे.’ चूक शिकणाऱ्याची होती, आणि समुद्रातून ऐकलेल्या चुकीची नक्कलही नव्हती. संदेश सुटला.

या खेपेला तिघांपैकी कुणीही खुर्ची सोडली नाही.

ध्वनिमुद्रणात आधी तळाची शिट्टी आली, ‘वळ पुरे’. मागोमाग खोल पाण्यात जी शांतता पसरली, ती कासवाच्या कानांनी याआधी कधीच टिपली नव्हती. मग ‘वळ’, असं एकाने म्हटलं. ‘वळ’, दुसऱ्याने. मग जाड, बारीक, घोगरे, जवळचे, लांबचे असंख्य आवाज एकावर एक चढत गेले. सगळे एकाच वेळी, एकाच घाईने, वरच्या नव्या विद्यार्थ्याची चूक सुधारत होते.