सहावं हत्यार

"बाई, तुमच्या डब्यात खून झालाय, पण दोरी सापडत नाहीये!"

मॅव्हिसनं मान वर केली. समोर एक हडकुळा, उंच तरुण उभा होता. हातात उघडा डबा, ओठांवर दाबून धरलेलं हसू. हा क्लिफर्ड, पॅकिंग झालेला माल तपासणारा. लीड्सच्या त्या खेळांच्या कारखान्यात, डबे भरायच्या कामावर, तिचा अजून आठवडाही भरला नव्हता.

"खंजीर आहे, पिस्तूल आहे, मेणबत्तीचा स्टँड, पाना, शिशाचा पाइप... झाली पाच. सहावी दोरी कुठाय? गिऱ्हाइकानं गळा आवळायचा कशानं?"

"राहिली असेल..."

"एका डब्यात राहिली तर राहिली म्हणेन. अकरा डब्यांत?" तो खाली वाकला. "मुकादमीणबाईंना नाही सांगितलं हं. मीच टाकल्या."

तो गेला, आणि मॅव्हिसनं टेबलाची कड घट्ट धरली. बोटभर लांबीची सुतळी ती, साधी, खरीखुरी. पण उचलायला गेलं की तिचा हात दुसऱ्याच हत्याराकडे वळायचा. तिच्या धाकट्या भावाला, अर्नीला, फाशी होणार होती. चोरी करायला गेला, पहारेकऱ्यानं धरलं, यानं लोखंडी कांब हाणली. म्हातारा जागीच गेला. अर्नी बावीस वर्षांचा. आई-बाप दोघं कधीच गेलेले. मॅव्हिसनं नोकरीसाठी आईचं माहेरचं आडनाव लावलं होतं, आणि लंडनहून दयेचं पत्र येतंय का, म्हणून रोज सकाळी ती दार उघडत होती.

आणि काम तरी कुठलं मिळावं! युद्धात, विमानहल्ल्यांच्या भीतीनं घरोघर काळे पडदे ओढलेले असताना, एका माणसानं हा खेळ डोक्यात रचला म्हणे. पूर्वी मोठ्या घरच्या मेजवान्यांत लोक खोटा खोटा खून करून खुनी शोधत बसायचे, ती मजा टेबलावर आणायची. मग पुठ्ठा नाही, शिसं नाही, म्हणून वर्षानुवर्षं तो रखडला. या साली एकदाचा दुकानात आला, आणि जो तो संशयानं बघायला लागला. ट्रामच्या रांगेत, दाढीच्या दुकानात, चहाच्या टेबलावर एकच चाळा: कुणी मारलं, कशानं, कुठल्या खोलीत? मेलेल्याची आठवण मात्र कुणालाच नाही.

दोऱ्या राहतच गेल्या. क्लिफर्ड येतच गेला.

"आज सात," तो म्हणायचा. "मला ठाऊक आहे हं तू मुद्दाम करतेस."

"मुद्दाम? ते कशाला?"

"मी यावं म्हणून."

"आरशात बघितलंयस का कधी?"

"बघितलंय ना. म्हणून तर विश्वास बसत नाही."

ती हसली, आणि हसल्याची तिला लाज वाटली. संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर पाऊस भुरभुरत होता. त्यानं स्वतःच्या रेशनची टॉफी तिच्या तळव्यावर ठेवली. बोटं जराशी रेंगाळली... तिनं हात ओढून घेतला नाही. हा माणूस तिला आवडला होता. भयंकर आवडला होता! आणि अर्नीचं कळलं की संपलंच सगळं.

शनिवारी पत्र आलं. दया नाही. बुधवारी सकाळी नऊ.

घरात बसवेना म्हणून सोमवारी ती कामावर गेली. जेवणाच्या सुट्टीत मंडळी नेहमीसारखी पट मांडून बसली होती. क्लिफर्डनं तिला शेजारी ओढून बसवलं. पत्ते वाटता वाटता मुकादमीण ग्लॅडिस म्हणाली, "तो पहारेकऱ्याला मारणारा कार्टा, त्याला परवा लटकवतायत. नऊच्या ठोक्याला फाशी, मग तुरुंगाच्या दारावर तसा कागद लावतात. मी जाणारे बाई बघायला. कोण येतंय?"

"मी येतो की!" क्लिफर्ड हसत मॅव्हिसकडे वळला. "त्यांचं काम झालं की दोरी मागून घेतो. हिच्या डब्यांना तरी पुरेल."

टेबलभर हशा पिकला.

मॅव्हिस उठली. तिच्या हातातले पत्ते पटावर सांडले.

"तो माझा भाऊ आहे," ती म्हणाली. "अर्नी. सख्खा भाऊ."

क्लिफर्डचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं कोट घेतला आणि ती चालू पडली. मागून कुणी आलं नाही.

मंगळवारी तिनं अर्नीला शेवटचं भेटून घेतलं. मध्ये काच होती. "ताई, कुणी आहे का गं तुला?" त्यानं विचारलं. "आहे," ती खोटंच म्हणाली.

बुधवारी तुरुंगाच्या दारापाशी धुकं होतं. पन्नास-साठ माणसं जमली होती, कुणी सायकल धरून, कुणी पोराला कडेवर घेऊन. आणि भिंतीला टेकून, टोपी हातात घेऊन, क्लिफर्ड. केसांवरून पाणी निथळत होतं. बराच वेळ उभा असावा.

"मॅव्हिस, मी जे बोललो..."

"आत्ता नको."

तो तिच्या शेजारी उभा राहिला. नऊ वाजले. ती एकेक ठोका ऐकत राहिली, नववा होईपर्यंत, आणि नंतरही. थोड्या वेळानं छोटं दार उघडलं. तुरुंगाच्या शिपायानं चौकटीतला कागद अडकवला, आणि माणसं वाचायला पुढे घुसली. प्रेत घरच्यांना देत नाहीत, आतच पुरतात. तिला आता वाचायचंही काही नव्हतं.

"अगं, रडतेस का?" एका बाईनं तिच्याकडे वाकून पाहिलं. "कोण लागतो तुझा?"

"भाऊ," मॅव्हिस मोठ्यानं म्हणाली.

बाई दोन पावलं मागे सरली. तिच्या मागचेही सरले. दोघांभोवती मोकळी जागा झाली.

"आणि तुम्ही हो?" कुणीतरी क्लिफर्डला विचारलं. "तुमचा काय संबंध?"

"मी हिचा होणारा नवरा," तो म्हणाला. "म्हणजे... ती हो म्हणाली तर."

मॅव्हिसनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते, आणि तो जागचा हलला नव्हता.

"आज नको विचारूस," ती म्हणाली.

"बरं."

"उद्या विचार."

"विचारतो."

मग तिनं त्याच्या ओल्या कोटात तोंड खुपसलं आणि ती भावासाठी धाय मोकलून रडली, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर.