न चाललेली शिवारफेरी

बुधी हिलम वीटभट्टीवरून परतली, ती डोंगरावरच्या आपल्या वाडीवर जाऊन तशीच खाली उतरली आणि ग्रामपंचायतीत आली. डोक्यावरचं बोचकं पायरीवर ठेवून तिनं विचारलं, "सरपंचबाय, आमची वाडी कुठं नेलीस?"

सरपंच नलिनी ठोंबरे तेव्हा नळाचं पाणी पीत होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला.

साळवट गावात गेल्या वर्षी 'जागता नकाशा' आला होता. शिवारात जागोजागी हातभर खोल कांड्या पुरल्या होत्या. त्यांना पावलांची थरथर कळायची. गुराचं पाऊल कोणतं, माणसाचं कोणतं, तेही कळायचं. त्यावरून वस्त्या, पायवाटा, पाणवठे हे सगळं नकाशा स्वतःच दुरुस्त करत राहायचा. नव्वद दिवस माणसाचं पाऊल वाजलं नाही, तर तो वस्ती ओसाड ठरवायचा. पण सगळं यंत्रावर सोडण्याइतकं सरकारही भोळं नव्हतं. सरपंचानं शिवारफेरी करायची, प्रत्येक वस्ती डोळ्यांनी बघायची आणि मगच नकाशाला मंजुरीचा अंगठा द्यायचा, असा नियम होता.

फेब्रुवारीतल्या फेरीत नलिनीताई आगरआळी, बौद्धवाडी, धनगरवाडा असं सगळं हिंडल्या. राहिली डोंगरावरची कातकरीवाडी. ऊन चढलं होतं, टाच ठणकत होती आणि पायथ्याच्या देवळात कोणीतरी चहा आणला. तिथेच बसून त्यांनी अंगठा दिला. कातकरी दिवाळीनंतर भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर येतात, हे साळवटमध्ये कोणाला ठाऊक नाही? नलिनीताईंनाही ठाऊक होतं. त्या घडीला ते आठवावंसं वाटलं नाही, एवढंच. वाडी ओसाड ठरली, तर वरचा झरा गावठाणाला मिळणार होता.

आणि मिळालाही. वाडीभोवती कुंपण पडलं, रिकाम्या झोपड्या काढून टाकल्या गेल्या, आणि एप्रिलमध्ये पहिल्यांदाच गावठाणातल्या नळांना पाणी आलं. बायकांनी नलिनीताईंची ओटी भरली. त्यांनी ती हसून घेतली, हे आता त्यांना सर्वांत जास्त सलत होतं.

"यंत्रात बिघाड होता, असं लिहू," ग्रामसेवक दिवेकर हळूच म्हणाले. "अर्ज वर जाईल. लागतील दोन वर्षं. तोवर यांना रस्त्याकडेला पत्र्याच्या शेड देऊ."

"आणि खरं लिहिलं तर, भाऊसाहेब?"

"तुमचं पद जाईल. जुना नकाशा परत आला, तर गावाचं पाणीही जाईल. बघा बुवा."

बुधीनं सगळं ऐकलं होतं. "यंत्र बिघडला असंल," ती म्हणाली. "पन बाय, तू वर चढून आली व्हतीस काय?"

होय म्हणणं किती सोपं होतं! नलिनीताईंना तिच्याकडे बघवेना.

"नाही आले," त्या म्हणाल्या. "खालीच बसून अंगठा दिला. चूक माझी आहे."

चार दिवसांनी शाळेच्या पटांगणात ग्रामसभेतही त्यांनी तेच सांगितलं, काही न लपवता. लोक त्यांच्यावर तुटून पडतील असं वाटलं होतं, पण सगळे खाली बघत राहिले. हा नकाशा महिनाभर हरकतींसाठी याच शाळेच्या भिंतीवर लावलेला होता. येता-जाता प्रत्येकानं तो पाहिला होता. हरकत एकही आली नव्हती.

"आता कुठं डोक्यावरचा हंडा उतरला गं बाय," पुढे बसलेली यमुनाकाकू रडवेल्या आवाजात म्हणाली. तिचं तरी काय चुकलं होतं?

जुना नकाशा परत आणायला ग्रामसभेचं बहुमत लागणार होतं. कातकरी मागे, उन्हात उभे होते. वाडीबरोबर त्यांची नावंही मतदारयादीतून उडाली होती, त्यामुळे त्यांना हात वर करता येणार नव्हता. बुधीनं तरी केला. दिवेकरांनी नकारार्थी मान हलवली, तसा तिनं तो खाली घेतला.

"ठरावाच्या बाजूनं कोण कोण?" दिवेकरांनी विचारलं.

नलिनीताईंनी हात वर केला आणि गावाकडे पाहिलं. आपण डोंगर चढलो नाही, हे आपलं पाप. पण हे सगळेजण, ज्यांना चढायचंही नव्हतं, नुसता हात उचलायचा होता, ते उचलतील का?