दहापैकी दोन

टिकूच्या पडद्यावर आकडा होता दोन, आणि आत्या तर श्वाससुद्धा चोरून घेत होती. या दोन गोष्टींचा मेळ जाईला काही केल्या बसेना.

टिकू हा कुंभेरीच्या छोट्या रुग्णालयातला यंत्रमानव. वीस खाटांना परिचारिका एकच, म्हणून वेदनामापन (दुखणं किती ते मोजणं) त्याच्याकडे. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. स्वारी हुशार होती, पण जरा शिष्ट. "दहापैकी किती?" एवढंच विचारायची आणि पुढच्या खाटेकडे वळायची.

रूपालीआत्याच्या पोटाचं ऑपरेशन कालच झालं होतं.

"दुखतं म्हणून खोल श्वास घेतला नाही, खोकलं नाही, की छातीत कफ साचतो," डॉक्टर खैरमोडे काळजीनं म्हणाले. "मग न्यूमोनिया (फुप्फुसाचा संसर्ग) व्हायची भीती. पण आकडा तर दोनच!"

जाईला लहानाची मोठी केली होती आत्यानंच. ती आत्याच्या कानाशी वाकली. "आत्या, दोन का गं सांगितलंस?"

"मग किती देऊ?" आत्या कण्हत म्हणाली. चोवीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई ती! "इतकं दुखतंय, म्हणजे नापासच की. दोन दिले तेच जास्त."

"अरे टिकू, आत्यानं मार्क दिलेत!" जाई ओरडलीच.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. परिचारिकेनं लगेच वेदनाशामक (दुखणं कमी करणारं औषध) टोचलं.

"आता दर सहा तासांनी साधी गोळी, दुखायची वाट न बघता," डॉक्टर जाईला म्हणाले. "दुखणं वाढल्यावर जोराचं औषध लागतं, आणि ते आपल्याकडे मोजकंच. वाढूच दिलं नाही, तर बहुतेकदा साध्यावर भागतं."

तासाभरानं आत्यानं पोटाशी उशी घट्ट धरली, खोल श्वास घेतला आणि ती खणखणीत खोकली. इतका गोड खोकला जाईनं कधी ऐकला नव्हता. तिला रडूच फुटलं.

"यापुढे मी आधी विचारीन, 'खोकून दाखवता का?'" टिकू म्हणाला. "आकडा नंतर, आणि तोही नीट समजावून. आसपासच्या साठ रुग्णालयांतल्या माझ्या भावंडांनाही आत्ताच कळवतो. आत्याबाई, आता दुखणं किती?"

"तीन. खरे तीन हं!"

"आणि मला किती?"

आत्यानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "पाच. पण प्रगती आहे."