शेन गांगच्या पोटातलं पाणी

तपेलीभर रक्त ओकून शेन गांग स्वयंपाकघरातच मेला. वय एक्केचाळीस. फौजदार फांग पोचला, तोवर त्याच्या बायकोनं, यूफेननं, फरशी लख्ख पुसून ठेवली होती.

"पुरावा धुतला सटवीनं!" शेनची म्हातारी आई किंचाळली. "परवाच उंदराचं औषध आणलंय. तेच घातलं माझ्या पोराला. फासावर द्या हिला!"

"पुडी कुठाय?"

यूफेननं फडताळातून काढून दिली. न फोडलेली.

"मग फरशी का पुसलीस?"

"सासूबाईंना ते रक्त दिसू नये म्हणून."

कोण विश्वास ठेवणार? गल्लीला न्याय करायला चहाचा एक पेला पुरतो. निम्मी गल्ली म्हणाली बायकोनं मारला, निम्मी म्हणाली दारूनं. दवाखान्यातल्या डॉक्टरनंही फुगलेलं पोट बघून ‘दारू सोड’ एवढंच सांगून वाटेला लावलं होतं. हरामखोरानं साधं विचारलंही नाही.

फांगनं विचारलं. "किती प्यायचा?"

"थेंबही नाही. मुकादमानं पाजली तर गुपचूप गटारात ओतायचा."

"पोट कधी फुगलं?"

"कौलं घालताना पडला. पाठ काळीनिळी झाली. त्यानंतर महिन्याभरात."

"पाठीवर औषध काय केलं?"

यूफेननं सासूकडं पाहिलं.

"मी दिलं की!" म्हातारी ताठ मानेनं म्हणाली. "सानची. साकळलेलं रक्त मोकळं करते. घरच्या कुंडीतली. दोन वेळा काढा."

फांगनं कुंडीतली चार पानं पाकिटात घातली.

आठवड्यानं तो परत आला. दोघींना समोर बसवलं.

"आजी, यूफेननं काही घातलेलं नाही. आतड्यांकडचं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात जातं. गांगच्या यकृतातल्या बारीक वाटा बुजल्या होत्या. रक्त मागं तुंबलं, त्या शिरेत दाब चढला. पोटात पाणी झालं ते त्यानंच. तुंबलेलं रक्त अन्ननलिकेच्या नाजूक शिरांत घुसलं. त्या फुगत गेल्या, आणि एक फुटली."

"वाटा बुजल्या कशानं?"

"खरी सानची म्हणजे दुकानातली मुळाची वाळलेली गाठ. घरोघरी कुंडीत लावतात ते झाड वेगळंच. मुक्या मारावर लोक तेही देतात. त्याच्या पानांत यकृताचं विष असतं. तुमची पानं तपासली, आजी."

म्हातारीनं दोन्ही हात पुढं केले.

"मला न्या मग."

"याला कलम नाही, आजी."

"कडू लागतं म्हणायचा," ती म्हणाली. "एवढा घोडा झालेला, मी नाक दाबून पाजायची. एकदा हिनं काढा ओतून दिला. मी हिच्या थोबाडीत मारली. आणि दुसऱ्या दिवसापासून दुप्पट पानं घातली."