उन्हात न ठेवलेलं जाळं

आमच्या घरात पलंग एकच आहे आणि तो आम्हा दोघी बहिणींना पुरतो, कारण एका वेळी आम्ही कधी झोपतच नाही. ताई अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीला फोन घेते. मी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत दिवसभर काचा घासते. सकाळी माझं आवरून होतं न होतं तोच ती दार उघडते, चपला काढता काढताच "सरक, धाकटे" म्हणते आणि माझ्या उबेतच आडवी होते. या पलंगाला कधी रजा देणार आहात की नाही, असं शेजारच्या काकू विचारतात.

काच बसवताना केसभर इकडची तिकडे झाली तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं. इतकी वर्षं तेच करत आल्यामुळे जे मोजता येतं त्यावरच माझा विश्वास. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून मला कोणी भाबडी म्हणायला नको.

मी आज आहे ती ताईमुळे. मी काही महिन्यांची असताना आमच्या इमारतीला आग लागली. आई-बाबा कामावर गेलेले. ताई तेव्हा शाळकरी पोर. तिनं मला ओल्या टॉवेलात गुंडाळलं आणि धुरानं भरलेला जिना उतरून खाली आणलं. आई-बाबा पुढे आजारपणात गेले, मावशीनं आम्हाला वाढवलं, आणि ही गोष्ट ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. ताई मात्र तेवढ्यात काहीतरी काम काढून आत निघून जायची.

तिला वाईट स्वप्नं पडतात हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. पण मध्यंतरी ती फारच वाढली. झोपेतून किंचाळत उठायची आणि मग कामाची वेळ होईपर्यंत खुर्चीत डोळे उघडे ठेवून बसायची. शेवटी व्हायचं ते झालंच. कानाला फोन असतानाच तिचा डोळा लागला. पलीकडून एक बाई जिवाच्या आकांतानं पत्ता सांगत होती. शेजारच्या खुर्चीतल्या माणसानं तो फोन ओढून घेतला म्हणून निभावलं. साहेबांनी बोलावून सांगितलं, पुन्हा असं झालं तर तुम्हाला फोनवरून काढावं लागेल.

"साहेबांचं काय चुकलं?" ताई म्हणाली. "त्या बाईच्या घरात पोरं होती गं."

ते फोन म्हणजे ताईचा जीव होता. ते गेले असते तर ती आतून संपली असती, हे मला दिसत होतं.

आमच्या दुकानात काउंटर सांभाळणारी एक बाई आहे. तिच्याकडे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर उपाय असतो, आणि तो नेमका तिच्या पर्समध्येच असतो. तिनं मला एक ड्रीमकॅचर आणून दिलं. वेताचं कडं, त्यात पांढऱ्या दोऱ्याचं जाळं, खाली पिसं.

"डोक्यावर टांग. वाईट स्वप्नं जाळ्यात अडकतात, चांगली पिसांवरून खाली उतरतात."

"म्हणजे स्वप्नांची चाळणी," मी म्हटलं.

"कर चेष्टा. पण टांग."

मी उशीच्या वर खिळा ठोकून ते टांगलं. ताईनं मान वर करून पाहिलं, "कोळ्याचं घर कुठून उचलून आणलंस?" असं विचारलं आणि कुशीवर वळली. संध्याकाळी मी परत आले तरी ती झोपलेलीच होती. गालावर उशीची घडी उमटली होती. ताईच्या गालावर असा वळ मी पहिल्यांदाच पाहत होते. स्वयंपाकघरात जाऊन मी नळ सोडला आणि पोटभर रडले.

हे सगळे मनाचे खेळ आहेत हे मला तेव्हाही कळत होतं. पण ताई झोपत होती. त्या जाळ्यापुढे लोटांगण घालायचीही माझी तयारी होती.

मग खोलीत वास यायला लागला. अगदी हलका, जळलेल्या कापडासारखा. मी इस्त्री पाहिली, पंख्याचं बटण पाहिलं, भिंतीला नाक लावून वायरही हुंगली. काही नव्हतं. एके दिवशी चादर झटकताना माझं बोट जाळ्याला लागलं आणि काळं झालं. दोरे राखाडी पडले होते. रस्त्यावरची धूळ असेल, म्हणून मी हात धुतले.

आणि मला स्वप्न पडायला लागलं. मी जिना उतरतेय. कठडा चटके देतोय. डोळ्यांतून पाणी येतंय आणि हातात ओलं, जड असं काहीतरी आहे. रोज मी थोडी आणखी खाली पोचायचे. हात माझे नव्हते, लहान पोरीचे होते. एकदा टॉवेल सरकला आणि आतलं बाळ दिसलं. त्याच्या डाव्या भुवईत तीळ होता. तो रोज मला आरशात दिसतो.

जाग आली तेव्हा दंड भरून आले होते. मी पडल्या पडल्या विचार करत राहिले. इतकी जड होते मी! आणि त्या एवढ्याशा पोरीनं मला एकदाही खाली ठेवलं नाही. मावशीच्या तोंडून ती गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली असेन, पण ताईचे उपकार माझ्या हातांना कळले ते त्या सकाळी. ती कामावरून आली तेव्हा मी तिच्या गळ्यातच पडले.

"बरं नाही का तुला?" तिनं माझ्या कपाळाला हात लावला.

हे स्वप्न तिचं आहे हे मी तिला सांगितलं नाही. इतकी वर्षं तिनं ते सोसलं, आता थोडं मी सोसलं तर कुठे बिघडलं?

पण पुढच्या वेळी जिन्याच्या वरच्या टोकाहून हाक आली.

"ताई, मला पण घे."

माझे पाय थांबले नाहीत. ते खालीच जात राहिले.

मी मावशीला फोन केला. आगीच्या वेळी आणखी कोणी मूल होतं का, असं आडून आडून विचारलं.

"कुठलं मूल? तुम्ही दोघीच तर होतात. आणि इमारतीतले सगळे सुखरूप बाहेर पडले, कुणाला खरचटलंसुद्धा नाही."

त्या संध्याकाळी ताई कामावर जायला निघाली होती, आरशासमोर केस विंचरत होती.

"तुझ्या स्वप्नात काय असायचं गं?" मी विचारलं.

"आता पडत नाही ना? मग कशाला तो विषय?" ती म्हणाली. थोड्या वेळानं फणी तशीच केसांत ठेवून म्हणाली, "कुणीतरी हाक मारायचं. माझे पाय थांबायचेच नाहीत."

दुसऱ्या दिवशी काउंटरवालीनं सहज चौकशी केली. "गुण आला ना? रोज सकाळी उन्हात ठेवतेस ना ते?"

"उन्हात कशाला?"

"अगं, जे अडकलं असेल ते सकाळच्या उन्हात जळून जातं. नाहीतर साठत राहणार की!"

माझ्या हातातली काच चाकावर नको तेवढी घासली गेली. आमच्या खोलीला जाड पडदे आहेत. ताई दिवसा झोपते म्हणून ते आम्ही कधीच उघडत नाही. त्या खोलीत गेल्या कित्येक महिन्यांत उन्हाचा एक कवडसा आला नव्हता.

सकाळी ताई यायच्या आत मी जाळं काढून गॅलरीत नेलं. कठड्यावर कोवळं ऊन पडलं होतं. आता एक पाऊल पुढे टाकायचं, एवढंच काम. माझं डोकं मला सांगत होतं, दोरा आहे हा, धूळ बसलेला दोरा. पण जळून जातं, असं ती म्हणाली होती. जी एकदा आगीत राहिली, तिला मी हातानं पुन्हा आगीत धरायचं?

मी जाळं परत नेऊन खिळ्याला अडकवलं.

त्याच आठवड्यात ताईला एक दिवस दिवसपाळी आली आणि मला सुट्टी होती. जेवण झाल्यावर मी पडदे ओढून पलंगावर पडले.

जिना. धूर. हातात मी.

"ताई, मला पण घे."

पाय खाली निघाले. त्यांना तेवढंच माहीत होतं. ताईच्या हातात बाळ होतं आणि बाळ जगेल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती वळू शकली नाही. मला ठाऊक होतं. तेच बाळ मोठं होऊन आता पलंगावर झोपलं होतं.

मी वळले.

एकेक पायरी चढताना तळवे भाजत होते. वर, दाराच्या चौकटीत, ती उभी होती. माझ्या खांद्याला लागेल एवढी. एका पायात चप्पल. तोंड धुरात होतं, ते दिसलं नाही.

मी पाठ करून खाली बसले. ती पाठीवर चढली. गळ्याभोवती हात आले.

हात गार होते.

"घट्ट धर."

"धरलंय," ती म्हणाली.

जागी झाले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. जाळ्याचे दोरे नव्यासारखे पांढरे होते. वास गेला होता. मानेभोवती तेवढा गारवा राहिला होता, तो पदरानं पुसूनही जाईना.

त्यानंतर मला ते स्वप्न पडलं नाही. मी जाळं उतरवून काउंटरवालीला परत केलं. "गुण आला का खरंच?" तिनं विचारलं, तर मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. ताई जाळ्याशिवायही गाढ झोपते. नवीन येणाऱ्यांना फोन कसे घ्यायचे हे शिकवायचं काम साहेबांनी तिच्यावर सोपवलंय. ती भांडी घासताना गुणगुणते. इतक्या वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. माझ्या मनात कुणाविषयी काही तक्रार नाही. ज्याचे मानायचे त्याचे, ज्याचं नाव ठाऊक नाही त्याचेसुद्धा, मी आभार मानते.

काल दुकान लवकर बंद झालं. मी दुपारीच घरी आले. बेल दाबायच्या आतच ताईनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आवाज करू नकोस. मधली आत्ताच झोपलीये."

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. पलंगावर, भिंतीच्या बाजूला, पांघरूण नीट वरपर्यंत ओढलेलं होतं.

ताईचा चेहरा इतका शांत होता, की कुठल्याही बहिणीनं विचारलं असतं तेच मी विचारलं.

"जेवली का?"

"कुठली जेवतेय," ताई हळूच म्हणाली. "तुझी वाट बघून बघून झोपली."