वाटणीचा नमस्कार

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात, तुमसरच्या बसस्टँडसमोर मी ती जीप पहिल्यांदा पाहिली. बॉनेटवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला, आणि बैलगाडीच्या चालीनं येणारी जीप. हसू दाबणं मला कधी जमलेलं नाही. हसले... आणि जरा मोठ्यानंच हसले.

जीप माझ्यापाशीच थांबली. इतक्या अलगद, की पेल्यातलं पाणी नुसतं थरथरलं.

"हसा जी," चालवणारा म्हणाला. "पण सांडलं का, ते तं पाहा."

"नाही सांडलं. पण गाडी चालते तरी का? आत्ताच एक म्हैस तुमच्या पुढं निघून गेली."

त्यानं म्हशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोही हसला. मागच्या सीटवरून कौशल्याबाईंचं डोकं बाहेर आलं. त्या चिखल्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, आणि मी तिथल्याच खाणकामगारांच्या शाळेत नवी लागलेली मास्तरीण.

"बस चुकली ना तुई, धुरपता? चाल, पुढं बस. मागं औषधाच्या पेट्या आहेत. हा खुशाल, ठेकेदाराची गाडी चालवते. पोरगा बरा आहे, सध्या पाण्याच्या नादी लागला, एवढंच."

पेल्याचं कारण वाटेत कळलं. तरुण चालकांसाठी सुरक्षित गाडी चालवण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. आधी नागपूरला निवड, तिथला पहिला दिल्लीला, आणि दिल्लीतून निवडलेले थेट परदेशात. धक्का न देता, नियम न मोडता, कोणाला न घाबरवता गाडी कोण चालवतो, ते तिथे पाहणार होते.

"म्हणजे सगळ्यात हळू जाईल तो जिंकणार?"

"सगळ्यात सांभाळून जाईल तो," खुशाल म्हणाला, आणि रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या धानाला त्यानं अलगद वळसा घातला. एक दाणाही चाकाखाली आला नाही. मला तो तेव्हाच आवडला असावा, पण मी खिडकीबाहेर पाहत बसले.

मग गोबरवाहीच्या अलीकडे, पळसाखाली मातामायचं, म्हणजे गावदेवीचं, ठाणं आलं. खुशालनं दोनदा हॉर्न दिला, स्टेअरिंग सोडलं आणि चालत्या गाडीत दोन्ही हात जोडले.

"हे काय जी? हात सोडले ना तुम्ही."

"मातामाय आली न." त्याच्या लेखी विषय संपला होता.

"इकडचे सारेच डायवर सोडतेत," मागून कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांचेही हात जोडलेलेच होते.

"अन् नागपुरात देवळं नाहीत का? बाजूले परीक्षेचा साहेब बसला राहील, अन् तुम्ही हात जोडाल."

त्याचा चेहरा उतरला. हे त्याला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझी बस पुन्हा चुकली. म्हणजे, मीच चुकवली. तिसऱ्या दिवसापासून तर मी बसकडे बघतही नव्हते. खुशाल बिचारा फार प्रयत्न करी, पण ठाणं दिसलं की हात आपोआप उठत. अर्ध्यात आवरले, तर पुढचा सगळा रस्ता त्याला चैन पडत नसे.

"मातामाय रागावली तं?" एकदा तो म्हणाला.

"तुम्ही स्टेअरिंग धरा. तुमच्या वाटणीचा नमस्कार मी करीन."

त्यानं स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं. "असं चालते?"

"न चालाले काय झालं?"

त्या दिवशी मी दोनदा हात जोडले, एकदा माझ्यासाठी, एकदा त्याच्यासाठी. त्याचे हात जागचे हलले नाहीत. फक्त मान हळूच डावीकडे वळली. "केला?"

"केला. समोर पाहा."

मग रोजचंच झालं. ठाणं आलं की ती मान वळायची, ते डोळे माझ्यावर क्षणभर टेकायचे... "केला?" सकाळच्या धुक्यात, अंगावर शाल ओढून, मी त्या एका शब्दाची वाट पाहू लागले. मी खुशालच्या प्रेमात पडले होते. कौशल्याबाई मागे डोळे मिटून बसायच्या, आणि झोपेतही गालात हसायच्या.

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "पहिला आलो तं मोहाडीले तुमच्या घरी येईन. माह्या बाबाले घेऊन."

"कायले?" मी मुद्दाम विचारलं.

"धान पाहाले. तुमच्या बाबूजीचा." त्याचे कान लाल झाले होते.

"अन् पहिले नाही आले तं?"

"तं... डायवरच राहिलो न मंग. तुमचे बाबूजी डायवरले पोरगी देत नाही, साऱ्या मोहाडीले माहीत आहे."

खरंच होतं ते. माझ्या बाबूजींनी, मारोतरावांनी, मोठ्या बहिणीचं एक चांगलं स्थळ याच कारणानं परत पाठवलं होतं. डायवर घरात कमी आणि रस्त्यावर जास्त, असं त्यांचं म्हणणं.

खुशाल पहिला आला नाही. दुसरा आला. "देवळापाशी चुकला म्हणते," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यानंतर जीपवर दुसराच चालक दिसू लागला; खुशाल तोंड चुकवत होता. मी आधी रडले, मग चिडले, आणि शेवटी कौशल्याबाईंच्या हाती निरोप धाडला, की धान तयार आहे, पाहायला या.

रविवारी तो आला. एकटाच, मान खाली घालून. बाबूजी ओसरीवर बसले होते.

"आयकलं मी," ते म्हणाले. देवीचं भजन कधी न चुकवणाऱ्या बाबूजींचा सूर चक्क मऊ होता. "देऊळ आलं, अन् तुया हात राहिला नाही. देवासाठी हारला, त्यात लाज कायची? बस."

खुशालनं नुसतं हो म्हटलं असतं, तरी काम झालं असतं. दाराआडून मी मान हलवून सांगत होते, हो म्हण... त्यानं मला पाहिलं, आणि तरी म्हणाला, "नाही जी. हात नाही सुटले. नजर सुटली."

"देवळाकडं?"

"बाजूच्या सीटकडं. माह्या वाटणीचा नमस्कार झाला का, ते पाहाले गेलो. तिथं साहेब बसले होते. तेवढ्यात सिग्नल लाल झाला, अन् रेघ ओलांडली."

बाबूजींच्या कपाळावर आठी आली. "तुया वाटणीचा नमस्कार कोण करते?"

मी दाराआडून बाहेर आले. "मी करते, बाबूजी. रोज. अन् जलमभर करीन म्हणते."

अंगणात तांदूळ पाखडता पाखडता, सुपावरून नजर न उचलता माझी माय, देवकाबाई, म्हणाली, "नवऱ्याच्या वाटणीचा नमस्कार घरची बाई करते जी. आता अजून काय पुसता?"

बाबूजींनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओसरीच्या खांबाला धरून उठले.

"तुया बाबाले घेऊन ये," शेवटी ते खुशालला म्हणाले. "पण येतानी गाडी दुसऱ्या कोणाले चालवू दे. हे दारात उभी राहील, तुई नजर काही रस्त्यावर राहाची नाही."

"हो जी," खुशाल म्हणाला, माझ्याकडेच पाहत.