पाण्यावर ‘येतो’ म्हणू नये

धरणाच्या फुगवट्यात कयाक उतरवण्याआधी कृष्णात नव्या माणसांना चार गोष्टी सांगायचा, आणि अलीकडे त्या सांगतानाही त्याला दम लागायचा. जॅकेटचे पट्टे आवळा. वारा सुटला की वाऱ्याकडं तोंड करा. बोट उलटली तरी बोट सोडू नका, लाटांत डोकं दिसत नाही, बोट दिसते. आणि पाण्यावर ‘येतो’ म्हणायचं नाही.

शेवटच्या गोष्टीला सगळे हसत. मग कृष्णातला ती फोड करून सांगावी लागे. आपल्याकडं येणारा ‘येतो’ म्हणतो आणि निघालेलाही ‘येतो’च म्हणतो. जमिनीवर ते खपतं, कारण माणसाचं तोंड कुठं आहे ते दिसतं. लाटांत नुसता आवाज कानावर पडतो. त्यावरून माणूस जवळ येतोय की काठाकडं चाललाय, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. म्हणून निघायचं तर दोन शिट्ट्या मारायच्या आणि उघड ‘जातो’ म्हणायचं.

गारगोटीचा मोहसीन, कापडदुकानातला गप्पिष्ट गडी, त्या दिवशी म्हणालाच, “सर, जातो म्हणू ने म्हणत्यात. अम्मीनं ऐकलं तर माझी खैर न्हाय.”

“घरात नको म्हणू. हितं म्हण,” कृष्णात म्हणाला.

त्याला वाद घालायचा कंटाळा आला होता. खरं तर सगळ्याचाच आला होता. पंचगंगेच्या पुरांत त्यानं वर्षानुवर्षं छपरांवरची माणसं उतरवली होती. पुढं अंगातली रग जिरावी म्हणून कयाकचा नाद धरला, तर रग जिरली आणि खांदेही गेले. पुढच्या आठवड्यात ही मंडळी मालवणच्या समुद्रात न्यायची आणि मग वल्हं खुंटीला टांगायचं, असं त्यानं बायकोला, शालूला, कबूल केलं होतं. पुरातला एक नेम मात्र त्यानं आजवर मोडला नव्हता. नेली तेवढी माणसं परत आणायची. त्यातलं एक जरी मागं राहिलं, तर उरलेला जन्म झोप लागणार नाही, हे तो पक्कं जाणून होता.

बरोबर अनुजा होती. गारगोटीच्या शाळेत खेळ शिकवणारी ही मुलगी पाण्यावर त्याचा उजवा हात होती. विश्वजित आणि मोहसीन शिकाऊ. सकाळभर पाणी ताटातल्यासारखं होतं. पाण्यामधल्या टेकाडाला वळसा घालून परत फिरेपर्यंत ऊन तापलं, आणि चैत्रातला वारा घाटातून जो सुटला तो थेट पाण्यावर उतरला. बघता बघता लाटांना पांढरे शेंडे फुटले. वारा सगळ्यांना धरणाच्या भिंतीकडं, तिच्या दगडी उताराकडं रेटायला लागला. मालवणची रंगीत तालीम झाली म्हणायची, असं कृष्णात मनात म्हणाला.

त्यानं दिसत होत्या त्या तिन्ही कयाक बाजूबाजूला घेतल्या आणि एकमेकांच्या कडा धरायला लावल्या. विश्वजितचे ओठ पांढरे पडले होते. मोहसीन कुठंच दिसत नव्हता. टेकाडामागं रेंगाळला असेल. कृष्णातनं शिट्टी फुंकली, ती वाऱ्यानं तोंडातच मोडली.

मग मागून आवाज आला. “येतो.”

कृष्णातच्या कपाळाची शीर उठली. सकाळी कानीकपाळी ओरडून सांगितलं, त्याचा हा उपयोग. पण जित्याची खोड. रागावल्या तोंडानंच त्याच्याकडून निघून गेलं, “ये, ये. सावकाश ये.” दारात कुणी ‘येतो’ म्हणालं की ‘ये’ म्हणायची सवय जन्माची, ती वाऱ्यात तेवढी कुठं जाणार?

अनुजा त्याच्याकडं बघत राहिली. या वाऱ्यात ती दोघं हाताच्या अंतरावर ओरडून बोलत होती, आणि तो आवाज कुणी उंबऱ्यावरून बोलल्यासारखा आला होता.

“सर, त्यो मोहसीनचाच हुता का?” तिनं विचारलं.

“मग कुणाचा? तू ह्याला घिऊन काठाला लाग. मी त्याला आणतो.”

अनुजानं नाइलाजानं विश्वजितला पुढं घातलं. कृष्णात एकटा वाऱ्याकडं तोंड करून जागेवर थोपून राहिला. वळून बघायची सोय नव्हती. बोट आडवी झाली की लाट कुशीत शिरते, हे त्यानंच शेकडो माणसांना शिकवलं होतं.

“येतो.”

आता अगदी पाठीशी.

त्यानं कमरेच्या पट्ट्याचा, दुसरी बोट ओढून न्यायचा दोर सोडला. टोकाची कडी वाऱ्यानं आपसूक मागं गेली.

“कडी लाव तुझ्या बोटीला. आणि हात हलव जरा, मड्यागत बसू नको.”

दोर ताठ झाला.

कृष्णात काठाकडं वल्हवायला लागला. असा भार त्यानं पुरातही ओढला नव्हता. मागचा गडी वल्ह्याला हात लावत नव्हता. पट्टा बेंबीत रुतत होता, खांद्यातून कळा निघत होत्या. एक लाट तोंडावरून गेली, दुसरी गेली. त्याला रडू यायला लागलं, आणि आपण भीतीनं नाही, नुसते थकून रडतोय हेही त्याला कळत होतं. पण त्यानं दोर सोडला नाही. मागं माणूस होतं.

काठावर कुणीतरी गुडघाभर पाण्यात शिरून त्याच्या कयाकचं नाक धरलं.

तो मोहसीन होता. गुडघ्यांवर कोरडा ठाक.

“मी कवाच आलतो, सर. दोन शिट्ट्या मारल्या, जातो म्हणून ओरडलो की. तुम्हीच सांगितलं हुतं.”

कृष्णातनं दोर ओढून घेतला. तो हलकाच आला. टोकाला कडी होती, कडीत काही नव्हतं.

बुडालेल्या झाडाचं खोड अडकलं असेल, सुटलं असेल, असं तो म्हणाला. मोहसीन आणि विश्वजितनं माना डोलावल्या. अनुजा बोट पुसत होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, “दोर काठापतूर ताठ हुता, सर. मी बघत हुतो की.”

त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. नेलेली सगळी माणसं समोर उभी होती. पट्टा सोडून त्यानं जीपमध्ये टाकला. कंबरेची ओढ मात्र तशीच राहिली, कुणी मागून धरून ठेवल्यासारखी. स्नायू धरला असणार. गारगोटीच्या स्टँडवर सगळे उतरले. मोहसीन हसून म्हणाला, “जातो, सर.” कृष्णातला हसू आलं नाही, पण बरं वाटलं. नेम पाळला गेला होता. कमी कुणी नव्हतं. जास्त मोजायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

कोल्हापुरात घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. चपला काढून तो थेट आत गेला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. ओढ अजून होती. आता ती दाराच्या बाजूनं होती.

शालू बाहेरची लाईट लावायला गेली होती. ती आत आली आणि तांब्या भरताना म्हणाली, “अवो, पावण्यास्नी दारातच सोडून आत आलासा व्हय?”

“कोण पावणं?”

“मला काय ठावं? तुमच्या मागनंच आल्यात की. आत या म्हटलं, तर नुसतंच येतो म्हणत्यात.”

कृष्णात भिंतीचा आधार घेऊन अर्धा उठला. “मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? या म्हटलं.”

कृष्णातनं कंबरेला हात लावला. दोर ढिला पडावा तशी ती ओढ सुटली होती.